सासूबाई नातवाशी 'शुद्ध' बोलायला लागल्यात, काय करू?

कुडाळकरीण_घाटावरची

नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते, लिहायची पहिलीच वेळ. प्रश्न घरगुती आहे पण मला वाटतं बऱ्याच जणांच्या घरात हेच चालू असणार.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन कुडाळजवळच्या गावात आले त्याला ११ वर्षं झाली. पहिल्या वर्षी सासूबाईंचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. एकदा त्या म्हणाल्या 'खळ्यात सुंगटा सुकत घातलंय, कावळ्यांका बघ', आणि मी खळं म्हणजे आमच्याकडचं धान्य मळायचं खळं समजून मागच्या परसात शोधत बसले. खळं म्हणजे घरासमोरचं अंगण आणि सुंगटा म्हणजे कोळंबी हे कळेपर्यंत कावळ्यांचं जेवण उरकलं होतं. आता सगळं कळतं, बोलताना मात्र अजून धेडगुजरी होतं आणि शेजारणी हसतात, असो.

तर मुलगा तिसरीत आहे, मराठी शाळेतच. वहीत पाच माशांची नावं लिहायची होती. ह्याने लिहिलं बांगडो, पेडवे, इसवण, सुंगटा, मोरी. चारवर लाल गोल आणि मोरीपुढे मोठं प्रश्नचिन्ह, बाईंना बहुतेक न्हाणीघरातली मोरी वाटली असणार. मग पालक सभेत सगळ्यांसमोर सांगितलं की घरात शुद्ध मराठी बोलत चला, मुलांच्या लिखाणात 'मी इलो, मी गेल्लंय' असलं येतं. बाई वाईट नाहीत हो, मुलांसाठी खूप करतात, पण पोरगं घरी आलं आणि चपला काढायच्या आधी म्हणालं, 'आजी, तू अशुद्ध बोलतेस, बाई म्हणाल्या.'

सासूबाई हसल्या. मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या त्याच्याशी 'बाळा, जेवायला ये', 'हात धुतलेस का' असं बोलायला लागल्या. बँकेत पासबुक भरून घेताना कॅशियरशी बोलतात ना, तस्सं. 'रे मेल्या, जेवूक येतंस काय मी येव थंय' ही हाक तीन आठवडे ऐकलेली नाही. आणि रात्रीच्या गोष्टी बंद. शुद्ध मराठीत त्यांना गोष्ट सांगताच येत नाही, दोन वाक्यं होतात आणि 'झोप आता' म्हणतात.

नवरा म्हणतो इंग्लिश मीडियमला घालूया, भांडणच नको. मला सांगा, घरात मालवणी बोलली तर मुलाची मराठी खरंच बिघडते का? आणि सासूबाईंना परत बोलतं कसं करू?

लालबागचो_देवगडकार

ताई, तुमच्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, ४० वर्षांनी काय होणार ते मी सांगतो, कारण तो झील मीच आहे.

वडील गिरणीत होते, आम्ही लालबागला चाळीत. आईवडील एकमेकांत मालवणी, आमच्याशी मात्र 'शाळेतलं' मराठी, आम्हाला शाळेत कोणी हसू नये म्हणून. ८२ चा संप झाला, वडील गावी गेले ते तिकडचेच झाले, आम्ही भावंडं आईबरोबर मुंबईत. मला मालवणी शंभर टक्के कळते. शिवी तर आधी कळते. पण तोंड उघडलं की मराठीच बाहेर पडतं, आणि मुद्दाम 'माका तुका' केलं तर नाटकातल्यासारखं वाटतं, गाववाले लगेच ओळखतात की मुंबैकार मालवणी 'करतोय'.

वडील गेले त्यानंतरच्या पहिल्या गणपतीला घरातला मोठा म्हणून गाऱ्हाणं घालायचं माझ्यावर आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे काही संस्कृत मंत्र नाहीत, देवासमोर उभं राहून बोलीतच बोलायचं असतं, घरात काय झालं, कोण आजारी आहे, कोणाचं लग्न अडलंय, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, आणि प्रत्येक वाक्य 'म्हाराजा'वर टेकलं की मागे उभी असलेली सगळी भावकी एका सुरात म्हणते 'व्हय म्हाराजा'. मी आदल्या रात्री मोबाईलवर लिहून काढलं होतं, चांगलं व्याकरणशुद्ध, 'आमच्या सर्व कुटुंबीयांना सुख-समृद्धी लाभो' वगैरे. वाचायला लागलो. कोणी काहीच म्हणेना, कारण कुठे म्हणायचं तेच कोणाला कळेना. मध्येच मोबाईलची स्क्रीन बंद झाली. घामाने बोट ओलं, लॉक उघडेना.

शेवटी माझा चुलत भाऊ पुढे झाला, तो दहावी नापास आहे. 'बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो मोठो भाव मुंबैसून इलोहा, तेका बोलूक जमणा नाय, पण तेचा मन साफ आसा म्हाराजा...' आणि मागून 'व्हय म्हाराजा' असा आवाज उठला की माझ्या अंगावर काटा आला. संपल्यावर म्हातारे काका म्हणाले, 'आता देवाक कळला.' सगळे हसले, मीपण हसलो. रात्री झोप नाही लागली.

मार्क वगैरे होतील नंतर कसेही. आजीला बोलू दे.

नोटीस_पिरियड

आता सगळे सेंटी होणार, म्हणून मी कडू बोलून घेतो. परीक्षेत 'मी इलो' लिहिलं तर मार्क जाणार, इंटरव्ह्यूला 'माका' म्हटलं तर समोरचा हसणार. चूक का बरोबर तो वेगळा विषय, पण असंच आहे. मी कणकवलीचा, पुण्यात १४ वर्षं आयटीत, पहिल्या वर्षी माझ्या हेल काढून बोलण्याची पूर्ण टीम नक्कल करायची. बाईंना घरचं बोलणं दिसत नाही, वही दिसते. त्यांनी वही बघितली.

खवय्या_वेंगुर्ला

विषय सोडून विचारतो, माफी. इसवण सध्या काय भावाने चालू आहे कुडाळ बाजारात?

निवृत्त_मास्तरीण

मी ३४ वर्षं प्राथमिकला शिकवलं, बहुतेक सगळी संगमेश्वर तालुक्यात. नोटीस पिरियड, तुमचं निम्मं बरोबर आहे. प्रमाण मराठी यायलाच हवी, गरिबाच्या मुलाला तर जास्तच हवी, त्याला दुसरा वशिला नसतो. पण त्यासाठी घरची भाषा बंद करा म्हणणं म्हणजे मूल पोहायला शिकावं म्हणून त्याचं चालणं थांबवल्यासारखं आहे.

आणि त्या वहीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी बघितलं नाही. 'मी इलो' लिहिलं तिथे 'मी आलो' सांगणं हे शिक्षकाचं काम आहे. पण इसवण ही चूक कशी? ते माशाचं नाव आहे. सुरमई हे त्याच माशाचं दुसरं नाव. मी असती तर लाल गोल न करता बाजूला सुरमई लिहिलं असतं आणि मोरीसाठी त्याला विचारलं असतं बाबा तुमच्याकडे मोरी कशाला म्हणतात, आणि वर्गातल्या सगळ्यांना कळलं असतं की मोरी म्हणजे शार्क!! केवढा आनंद झाला असता पोरांना.

मी फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'घरी', उजवीकडे 'पुस्तकात'. मुलं शब्द सांगायची, मी दोन्हीकडे लिहायची. कुठेही 'शुद्ध' हा शब्द नाही. आठवडाभरात पोरं स्वतःच 'बाई, हे डावीकडचं' म्हणायला लागायची. लिखाण बिघडलं नाही कोणाचं, उलट पहिलीत जी मुलं महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत ती बोलायला लागली.

बोलीमुळे मराठी बिघडते म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगायची की १८३२ साली दर्पण काढून मराठी वृत्तपत्रं सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे देवगड तालुक्यातले. केशवसुत रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे. ह्यांच्या आयांनी घरात काय पुण्याची मराठी बोलली असेल?

आणखी एक गंमत. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीला स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ त्या काळातली, दिनांक, महापौर हे त्यांचेच शब्द, चांगलेच आहेत, आपण रोज वापरतो. पण त्याच रत्नागिरीत माणूस पगार घ्यायचा, काजू सोलायचा, हापूस खायचा, परातीत पीठ मळायचा आणि बंदरावर माशांचा लिलाव करायचा, आणि हे सगळे शब्द पोर्तुगिजांचे. म्हणून 'शुद्ध' म्हटलं की मला जरा हसूच येतं.

तुमच्या मालवणीला निदान मच्छिंद्र कांबळींनी व्यावसायिक रंगभूमीवर नेऊन मान तरी मिळवून दिला हो. आमच्या संगमेश्वरीला नमन-खेळ्यांच्या, म्हणजे गावातल्या लोकनाट्याच्या, बाहेर कोण विचारतं?

दशावतारवेडा

मास्तरीण बाई, मान मिळाला तो विनोदी म्हणून मिळाला हे पण बघा. दशावतारात राजा आणि देव बोलतात ते भरजरी पुस्तकी मराठी, तेही आयत्या वेळी रचून, कारण संवाद लिहिलेले नसतात. आणि संकासुर, म्हणजे त्यातला हसवणारा राक्षस, तो मालवणीत. लोक हसतात संकासुराला. पिढ्यान्‌पिढ्या रात्रभर बसून आम्ही हेच शिकलो की सत्तेची भाषा वेगळी आणि आपली वेगळी. फक्त एक आहे, सावकाराला आणि सरपंचाला तोंडावर टोमणे मारायची सोय राजाकडे नसते, ती संकासुराकडेच असते.

बांदा_पत्रादेवी

शुद्ध-अशुद्ध कोण ठरवतं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या. माझं घर बांद्याला, बायकोचं माहेर पेडण्याला, मध्ये गोव्याची हद्द. आमच्याकडे माका-तुका, त्यांच्याकडे पण माका-तुका. आमचो घोडो, त्यांचोय घोडो. मुलीला आम्ही दोघंही नपुंसकलिंगी बोलतो, 'चेडू खंय गेला'. फरक आहेत, नाही असं नाही, पण सासुरवाडीत मला कधी दुभाषी लागला नाही.

आता सरकारी हिशोब बघा. हद्दीच्या पलीकडे ती कोकणी. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र भाषा म्हणून मान्य केली, १९८७ ला गोव्याची राजभाषा झाली, १९९२ ला घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. अलीकडे तेच बोलणं मराठीची बोली, आणि वहीत आलं की लाल गोल. ग्रियर्सनने सगळ्या भारताच्या भाषांची पाहणी केली त्यात त्याने आमच्याकडच्या बोलीला कुडाळी म्हटलंय आणि कोकणीच्या खाली टाकलंय, आणि कोकणीला मराठीच्या खाली. घ्या, कोणाला भांडायचंय भांडा.

मी भांडत नाही. १९६७ च्या जनमत कौलाच्या गोष्टी सासरे अजून तावातावाने सांगतात, गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही त्याचं मतदान होतं ते, आणि निम्मी भांडणं भाषेवरून. मी ऐकून घेतो आणि जेवतो. आधी कोकणी का मालवणी ठरवा मग बोला असं म्हणणारा कोणीतरी इथे आता येईलच, त्याला आगाऊ नमस्कार.

अभिमानी_कोकणी

आलो. मालवणी ही कोकणीच आहे. विषय संपला.

मराठा_गडी_सिंधुदुर्ग

मालवणी ही मराठीच आहे. विषय आता संपला.

दापोलीची_लेक

वरच्या दोघांना चहा पाजा कोणीतरी.

मी मुसलमान, दापोली तालुक्यातली. आमच्या घरात कोकणी बोलतात, म्हणजे आमची कोकणी, गोव्याची नाही. शाळा झाली उर्दू माध्यमात, बाजारात आणि एसटीत मराठी. मी लहान असताना मला हे वेगळं काही वाटायचंच नाही, तीन खिसे असल्यासारखं होतं.

कॉलेजला पुण्यात हॉस्टेलला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक मुलगी कौतुकाने म्हणाली, 'तुझी मराठी किती छान आहे गं, कुठे शिकलीस?' काय सांगू तिला? माझ्या आजीची आजी पण भात लावताना जे बोलायची ते. आणि गंमत म्हणजे त्याच हॉस्टेलमध्ये लखनऊच्या दोघी होत्या, त्या माझ्या उर्दूला हसायच्या. म्हणजे एकीकडे मराठी आली म्हणून आश्चर्य आणि दुसरीकडे उर्दू येत नाही म्हणून आश्चर्य. घरी फोन करून आईशी बोलले की मगच नीट श्वास यायचा.

आमचे बरेच लोक पूर्वी बोटींवर कामाला, काही दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला स्थायिक झाले. तिथून एकदा नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, बरोबर नातवंडं, त्यांना फक्त इंग्रजी. ती नातवंडं आणि आम्ही पोरं एकमेकांकडे बघून नुसती हसत होतो. आणि आमची आजी आणि त्या बाई, आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या, पडवीत बसून दुपारपासून मगरीबपर्यंत, म्हणजे संध्याकाळच्या नमाजापर्यंत, बोलत होत्या. जाताना रडल्या दोघी. कशाबद्दल एवढं बोललात विचारलं तर आजी म्हणाली, काही नाही गं, तिच्या सुनेबद्दल.

ताई, तुमच्या सासूबाईंना गोष्ट सांगता येत नाहीये ना, त्याचीच मला जास्त काळजी वाटते, मुलाच्या मार्कांपेक्षा.

चौल_रेवदंडा

आमच्या बाजूचं पण सांगतो, रायगडवाल्यांना कोणी कोकणात धरतच नाही.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. किल्ला बघायला सगळे येतात, फोटो काढतात आणि जातात. त्या गावात एक ख्रिश्चन वस्ती आहे, हजाराच्या आसपास माणसं, घरात बोलतात ती भाषा पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज चौल सोडून गेले १७४० मध्ये. भाषा मागे राहिली. मला भारी वाटतं ते हे की शब्द बरेचसे पोर्तुगीज आहेत पण वाक्य आता मराठीच्या वळणाचं झालंय, क्रियापद शेवटी. म्हणजे शेजाऱ्याशी रोज बोलून बोलून भाषेने बसायची पद्धत शेजाऱ्याची घेतली, पण नाव आपलंच ठेवलं.

आणि बेने इस्रायल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू. अलिबागच्या नवगावला त्यांचे पूर्वज उतरले अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं पेणकर, रेवदंडकर, नागावकर. हिंदू 'कर', मुसलमान 'कर' आणि ज्यू पण 'कर', गाव कुठलं ते आधी, देव कुठला ते नंतर. बायबलच्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायचे ते लोक! १९४८ नंतर बहुतेक सगळे इस्रायलला गेले.

रापणकार

इथे कोणीतरी म्हणेलच की भाषा बदलली की विचारच बदलतो. सपीर आणि व्होर्फ ह्या दोघांच्या नावाने ती थिअरी ओळखतात, माझी मुलगी एमए करते तिने सांगितली. तिचं टोक आता फारसं कोणी मानत नाही असंही तीच म्हणाली. मला पण पटत नाही, शब्द गेला म्हणून भरती यायची थांबत नाही.

पण एक बघितलंय. आम्ही मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचो तेव्हा पोरं शाळेत जायच्या आधीच उधाण आणि भांग शिकायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी वर चढतं, ओढ जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. तिथी विचारली की पाण्याचा अंदाज आला, शब्दातच सगळं. आता माझा पुतण्या मोबाईलवर भरतीची वेळ मिनिटासकट सांगतो. परवा त्याला म्हटलं आज भांग आसा, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की काका सकाळी सकाळी काय घेऊन आलाय.

नोटीस_पिरियड

रापणकार 😂 हे बाकी खरं. मी पण पहिल्यांदा तेच समजलो असतो.

आणि मास्तरीण बाईंचं दोन रकान्यांचं पटलं. वर बोलायचं राहिलं, टीम नक्कल करायची तेव्हा मी सहा महिन्यांत हेल घालवला. आता गावी फोन लावला की आई विचारते, 'कोण बोलता?'

कुडाळकरीण_घाटावरची

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. अपडेट देते.

नवऱ्याला मुद्दाम काही म्हटलं नाही. काल रात्री भांडी झाल्यावर पडवीत बसून सासूबाईंना देवगडकारांचं गाऱ्हाणं वाचून दाखवलं. माझ्या मालवणीत. पहिल्यांदा माझ्या उच्चारांना हसल्या, मग मोबाईल बंद पडला तिथे आल्यावर पदर तोंडाला लावून लावून हसल्या, 'शिरा पडो तेच्या मोबायलार'. आणि मग गप्प झाल्या. थोड्या वेळाने नवऱ्याला हाक मारून विचारलं, 'तुका येता काय रे गाऱ्हाणा घालूक?' तो म्हणाला, बाबा घालतात ना. त्या म्हणाल्या, 'बाबा काय जल्माक पुरतले?' नवरा निमूट आत गेला. इंग्लिश मीडियमचा विषय निदान ह्या आठवड्यात तरी निघालेला नाही.

आज दुपारी मास्तरीण बाईंनी सांगितलं तशी जुन्या वहीत रेघ मारून दिली पोराला. डावीकडे 'आजी', उजवीकडे 'पुस्तक'. म्हटलं आजीला विचारून भर. सुरुवातीला त्या 'माका काय कळता त्यातला' करत होत्या, पण माशांवर गाडी आली आणि मग थांबेचनात, तिसऱ्यो, मुडदुशे, सरंगो, मध्येच कुठला मासा कोणत्या सारात घालतात त्याचीही माहिती. पोरगं पेन्सिलीने धापा टाकत लिहितंय. दिवेलागणीपर्यंत पावणेदोन पानं भरली.

मी स्वयंपाकघरात होते. तो मोठ्याने वाचून दाखवत होता, 'सुंगटं म्हणजे कोळंबी'. आणि तीन आठवड्यांनी तो आवाज ऐकू आला,

'सुंगटं नाय रे, सुंगटा! अशुद्ध बोलतंस मेल्या तू.'

खवय्या वेंगुर्ला, इसवणीचा भाव विचारू नका, आम्ही सध्या बांगड्यावरच आहोत.